डावीकडे मेलेली, उजवीकडे जिवंत

वाफेच्या पेटीचं झाकण उचललं आणि आतली बादली बघून गेसीनाच्या तोंडचं पाणी पळालं. बादलीच्या कडीला निळी सुतळी होती. मूळची कडी तुटली तेव्हा ती सुतळी तिनेच बांधली होती, दोन वर्षांपूर्वी, शेताच्या काठावर उभं राहून. ही बादली पेटीत यायचीच नव्हती.

तिने बोट घातलं तर चटका बसला. माती आतपर्यंत शिजली होती, उकडलेल्या बिटासारखा वास सुटला होता. दोन तास वाफ दिली की मातीत काही म्हणता काही उरत नाही. बुरशी मरते, किडे मरतात, आणि डोळ्यांना न दिसणारं जे गणगोत मुळांच्या आसपास नांदत असतं तेही मरतं. पेटी असते त्याचसाठी.

आसपास कुणी नव्हतं. गेसीनाने बादली निवू दिली, झाकण लावलं आणि गुपचूप उचलून थंड खोलीत तिच्या जागी नेऊन ठेवली. जी खरोखर वाफवायची होती ती साध्या मातीची बादली मग पेटीत घातली आणि बटण दाबलं. का केलं, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिच्या हातून लपवण्यासारखं काही घडलंच नव्हतं, त्यामुळे लपवायची सवय अशी नव्हतीच.

गेसीना वीर्समा मुळं धुते. ग्रोनिंगनच्या उत्तरेला, समुद्रबांधाच्या सावलीत जे शेती संशोधन केंद्र आहे तिथे तिचं पद कागदावर काहीतरी भारदस्त आहे, पण सगळा गाव तिला मुळंधुणीच म्हणतो आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नाही. गव्हाचं मूळ केसासारखं असतं. ओढलं की तुटतं, चोळलं की सोलतं. चिकण मातीच्या गोळ्यावर पाण्याची बारीक धार सोडायची आणि गप्प बसायचं, माती आपण होऊन हात सोडते. मग मुळं पांढऱ्या थाळीत पसरायची आणि काळी किती, पांढरी किती ते मोजायचं. पांढरं मूळ म्हणजे रोप सुखात आहे. काळं म्हणजे काडमारी लागली. काडमारीची बुरशी मुळं आतून कोळशासारखी करून टाकते, वर काडी उभ्याउभ्या वाळते आणि ओंब्या पोचट पांढऱ्या पडतात. साहेब लोक आले आणि गेले, यंत्रं आली आणि बिघडली, पण मुळं गेसीनाच धुते.

तिचा एक नियम होता. थंड खोलीच्या दारात उभं राहिलं की डावीकडच्या बादल्या मरायच्या, उजवीकडच्या जगायच्या. डावीकडे मेलेली, उजवीकडे जिवंत. नव्या पोरांना ती हेच पहिल्या दिवशी घोकायला लावायची. गेल्या महिन्यात, जमिनीतला वायू उपसल्याने इथे होतात तशा भूकंपाने भिंतीला तडे गेले म्हणून गवंडी आले, त्यांनी तडकलेल्या भिंतीतलं दार बुजवलं आणि समोरच्या भिंतीत नवं पाडलं. बादल्या होत्या तिथेच राहिल्या. पण आता आत शिरलं की डावं ते उजवं झालं होतं. गेसीनाने स्वतःच दारावर मोठ्या अक्षरांत सूचना लिहून लावली होती आणि ती वाचून सगळे नीट वागत होते, एक ती सोडून. स्वतः लिहिलेलं कोण वाचतं? हात डावीकडे गेला आणि बादली उचलून मोकळा झाला. जित्याची खोड म्हणतात ती ही.

आणि बादली तरी कुठली, तर एप्पोच्या शेताची. एप्पो म्हणजे गेसीनाचे वडील.

बांधाखाली त्यांचा पाच हेक्टरांचा तुकडा होता. माती अशी जड की पावसात पाय घातला तर लाकडी जोडा आतच राहायचा. एप्पोने तिथे एक वर्ष गहू केला, दुसऱ्या वर्षी गहू केला, आणि तिसऱ्या वर्षी काडमारी आली. चौथ्या वर्षी तिने हैदोस घातला. गेसीना तेव्हा दहा वर्षांची होती. शेतात जागोजाग पांढऱ्या ओंब्यांचे चट्टे पडले, एप्पो रोज संध्याकाळी दोनचार रोपं उपटून आणायचे आणि आई ती भांडी घासायच्या घमेल्यात धुवायची. काळी. सगळी काळी. गेसीनाने मुळं धुताना पहिल्यांदा बघितली ती अशी, आणि बापाच्या चेहऱ्यावरची भीतीही पहिल्यांदा बघितली ती तेव्हाच. शेजारीपाजारी सांगायला आले की गहू मोड, बीट लाव, वेडेपणा करू नकोस. आईचंही तेच म्हणणं. एप्पो रात्ररात्र झोपायचे नाहीत. पण पाचव्या वर्षी त्यांनी परत गहूच पेरला.

"भीती वाटली तर वाटू दे," ते आईला म्हणाले होते. "भीतीच्या हातात नांगर द्यायचा नाही."

पाचव्या वर्षी निम्मी मुळं पांढरी आली, सहाव्या वर्षी जवळजवळ सगळी. पुढे बावन्न वर्षं त्या तुकड्यात गव्हावर गहू झाला आणि काडमारीने पुन्हा डोकं वर काढलं नाही. का, ते एप्पोला कधी कळलं नाही. ते गेसीनाला केंद्रात कळलं. गव्हाची मुळं गोडसर घाम गाळतात. त्या घामावर बुरशी येते तसे तिचे वैरीही येतात, अगदी बारीक जीव, ते मुळांना चिकटून राहतात आणि बुरशीला सोसणार नाही असं काहीतरी विष करतात. पण त्यांची वस्ती वाढायला बुरशी आधी माजावी लागते, आणि माणसाला तेवढी वर्षं कळ काढावी लागते. मधेच बीट लावलं की वस्ती मोडली. अशा जुन्या मातीची मूठभर जरी रोगट मातीत मिसळली तरी तिथे राखण सुरू होते. गेसीनाने हे वडिलांना जेवताना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ बटाटा कुस्करत राहिले आणि मग म्हणाले, म्हणजे मी एकटा नव्हतो तर.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. दुसऱ्या वर्षी समुद्रबांध रुंद करायचा ठरला आणि तुकड्यातली माती खणून बांधाच्या पोटात घातली. केंद्रात प्रयोग चालवणाऱ्या आउकेने आदल्या दिवशी गेसीनाला बरोबर घेऊन, धावपळ करून चार बादल्या भरून आणल्या. तीन प्रयोगांत संपल्या. चौथी ही, निळ्या सुतळीची. येत्या मंगळवारी ती वापरायची होती.

तो गुरुवार तर निघून गेला. शुक्रवारी दहाच्या कॉफीला बूलो आला. बूलो हाउझिंगा हा शेजारचा शेतकरी, साठीला टेकलेला, घरची मेटवुर्स्ट, म्हणजे डुकराच्या मांसाचं सुकं सॉसेज, कागदात गुंडाळून आणायचा आणि अर्धी स्वतःच खायचा. त्याच्या गव्हाला यंदा काडमारी लागली होती, गव्हावर गव्हाचं तिसरं वर्ष. प्रयोगाला रोगट माती त्याचीच घेतली होती. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी एप्पोला वेडा म्हणणाऱ्यांत त्याचा बाप सगळ्यांत पुढे होता, आणि ही गोष्ट बूलो स्वतःच हसत सांगायचा.

"काय गं, काय म्हणते तुझ्या बापाची माती?" त्याने विचारलं. "माझ्या वेड्या मातीला ताळ्यावर आणते की नाही? नाहीतर मी आपला बीट लावून मोकळा होतो."

गेसीनाने कप बशीत ठेवला. चोराच्या मनात चांदणं. बूलोला सगळं ठाऊक आहे, मुद्दाम टोचतोय, असंच तिला वाटलं. आउके म्हणाला की अजून मंगळवार यायचाय, धीर धर. आउके शेजारच्या फ्रीसलंड प्रांताचा, म्हणजे बूलोच्या लेखी परदेशीच, आणि परदेशी माणसाने ग्रोनिंगनच्या शेतकऱ्याला धीर शिकवावा यावर बूलो मग पंधरा मिनिटं बोलत राहिला. गेसीना थाळ्या धुवायच्या निमित्ताने उठून गेली. धुतलेल्या थाळ्याच तिने पुन्हा धुतल्या.

शनिवार, रविवार तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. मोहरीचं सूप केलं, ते ताटलीत थिजलं. तिने सगळा हिशोब मांडून बघितला. कुणाला काही कळणार नव्हतं. वाफवलेली माती निवली की दिसायला तशीच दिसते. मंगळवारी आउके ती मिसळेल, गहू पेरेल, पाच आठवड्यांनी मुळं धुवायला आपल्याकडेच येतील आणि ती काळी निघतील. आउके डोकं खाजवेल आणि म्हणेल की दोन वर्षं थंडीत राहून मातीची ताकद गेली असेल. होतं असं.

आणि मग तो ते लिहील. छापून येईल. एप्पो वीर्समाच्या मातीत राखण टिकत नाही, होती की नाही तेही सांगता येत नाही. शेत नाही, बाप नाही, दुसरी बादली नाही. खोटं ठरवायला काही म्हणजे काहीच उरलेलं नाही. बावन्न वर्षं बापाला नशिबाने गहू पिकला, असं होऊन जाईल, आणि ते करणारी कोण, तर त्याचीच मुलगी. बूलो बीट लावेल ते निराळंच.

हे मनात आलं आणि ती इतकी घाबरली की खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. आतापर्यंत तिला पकडलं जाण्याची भीती वाटत होती. आता न पकडलं जाण्याची वाटायला लागली, आणि ही दुसरी भीती पहिलीच्या दसपट होती.

सोमवारी सकाळी ती आउकेच्या खोलीत गेली. तो मंगळवारचा तक्ता लिहीत होता. वरच्या ओळीत त्याने 'माती : ए. वीर्समा' असं लिहिलेलं तिला उलटं वाचता आलं.

"ती माती मेलीय," गेसीना म्हणाली. "मी वाफवली. गुरुवारी."

आउकेने पेन्सिल खाली ठेवली. तिने मग सगळं सांगितलं, दार, डावं, उजवं, आणि परत नेऊन ठेवलेली बादली. तो खिडकीबाहेर बांधावर मेंढ्या चरत होत्या त्यांच्याकडे बघत राहिला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुम्ही हे मला गुरुवारी का नाही सांगितलंत?" शेवटी त्याने विचारलं.

पंधरा वर्षांत तो तिला पहिल्यांदा तुम्ही म्हणाला. इथे झाडूवाल्यापासून संचालकापर्यंत सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, तुम्ही म्हणतात ते परक्याला. गेसीनाला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

"घाबरले होते," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंही नाही आणि खरंही नव्हतं.

त्याने मान हलवली. मग एका कागदावर रेघोट्या मारत, तिच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त, असं तो बोलायला लागला. वाफवलेली माती म्हणजे रिकामं घर. घर तेच आहे, राहणारे गेलेत. त्या शेतातली चिमूटभर जिवंत माती मिळाली तर याच घरात वस्ती पुन्हा वाढवता येईल, कारण हक्क सांगायला आता आत दुसरं कुणी नाही. पण चिमूट आणायची कुठून? शेतावर सहा मीटर बांध आहे. कुठे कुंडी, पिंप, ट्रॅक्टरच्या चाकात अडकलेलं ढेकूळ, काही राहिलंय का? ट्रॅक्टर गेसीनाच्या भावाने विकला होता. नाही म्हणाली ती. तिने खरंच नाही असं समजूनच सांगितलं.

आठवण झाली ती घरी सायकलवरून उतरताना. मागच्या पडवीत खिळ्याला वडिलांचे लाकडी जोडे टांगलेले होते.

एप्पो शेतातून आले की मागच्या दाराशी जोडे काढायचे, दोन हातांत धरायचे आणि एकमेकांवर दोनदा आपटायचे. ठक ठक. चिखल पडायचा. ती ठकठक ऐकली की आई आत बटाट्यांचं पाणी ओतायची, इतका तो नेम होता. आई गेल्यावर गेसीना ओतायला लागली. तीन वर्षांपूर्वीच्या त्या नोव्हेंबरात तिने बटाटे उकडत ठेवले होते आणि ठकठक काही ऐकू येईना. बटाटे लगदा झाले तेव्हा ती बाहेर गेली. ते पायरीवर बसले होते, जोडे काढून शेजारी ठेवलेले, चिखलाने भरलेले, आणि उजवा हात उचलला जात नव्हता. तीन दिवसांनी ते दवाखान्यातच वारले. जोडे तिने तसेच उचलून खिळ्याला अडकवले. जन्मभर लोकांची मुळं धुतलेल्या बाईने ते एवढे जोडे काही धुतले नाहीत. पाहुण्याने कधी विचारलं तर ती म्हणायची, राहू देत, घाई काय आहे.

पडवी उत्तरेची, कायम ओली. टाचेखाली आणि खाचांत बोटभर जाड चिकणमाती धरून होती आणि तिच्यावर हिरवं शेवाळ आलं होतं. एका बाजूला गव्हाच्या रोपाचं वाळकं मूळ बाहेर आलेलं होतं. गेसीनाने जोडे हातात घेतले आणि तिला हुंदका आला. माती काढली की बापाने शेवटची उचललेली पावलं गेली, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि एवढं करून त्यात जिवंत काही नसलं तर? दोन्हीकडून हात रिकामे. ती तिथेच पडवीत बसून राहिली, बापासारखीच, कितीतरी वेळ.

मंगळवारी तिने जोडे पावाच्या पिशवीत घालून आणले आणि आउकेच्या टेबलावर ठेवले. आउके आधी जोड्यांकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"गेसीना," तो हळूच म्हणाला, "तू विचार केलायस ना? परत नाही लावता येणार."

तो पुन्हा तू म्हणाला हे तिच्या ध्यानात आलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

"कागद पसर," ती म्हणाली. "स्वच्छ घे. आणि हात लावू नकोस, मी करते."

त्याने खरवडायला पातं पुढे केलं ते तिने घेतलं नाही. दोन जोडे दोन हातांत धरले आणि कागदावर एकमेकांवर आपटले. ठक ठक. तीन वर्षं धरून बसलेली माती दोन ढेकळांत खाली आली. उरलेली तिने ब्रशने झाडून घेतली. सगळी मिळून दोन मुठी झाली. तीन वर्षांत किती जगले असतील सांगता येत नाही, फार आशा धरू नकोस, असं आउके म्हणाला, आणि तिने धरली नाही.

शिजलेल्या बादलीची माती बारा कुंड्यांत भरली. सहांत जोड्यांची माती मिसळली, सहा तशाच ठेवल्या. सगळ्या बारांत बूलोच्या शेतातली काडमारी घातली, गहू पेरला. वर कोंब सगळीकडे सारखेच हिरवे आले. वरून काही कळत नाही, हीच तर या धंद्यातली मेख आहे. पाच आठवडे गेसीना रोज पाणी द्यायला जायची. बूलोला तिने आपण होऊन सगळं सांगून टाकलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. त्याने फक्त एवढंच विचारलं, कुठल्या जोड्यांची, त्या पिवळ्या पट्ट्याच्या? आणि मेटवुर्स्ट अख्खी ठेवून गेला.

धुवायच्या दिवशी आउके शेजारी उभा राहिला, एरवी राहत नाही. आधी साध्या सहा कुंड्या. धार सोडली, माती गेली, आणि मुळं काळी. सहाच्या सहा काळी, दहाव्या वर्षी आईच्या घमेल्यात पाहिली होती तशी. गेसीनाने आकडे लिहिले. सात आणि एक सारखेच दिसायला लागले म्हणून खोडून पुन्हा लिहिले.

मग सातवी कुंडी. चिकणमाती सुटायला वेळ लावते. तिने डोळे मिटून घेतले आणि बोटांनीच पाण्याची धार धरली. शेजारी आउकेचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला. डोळे उघडले तेव्हा थाळीत मुळं पसरली होती. पांढरी. टोकाशी एकदोन काळे ठिपके, बाकी पांढरीशुभ्र.

सहांपैकी चार पांढरी निघाली, एक अर्धीमुर्धी आणि एक पार काळी. तिने तसंच लिहिलं, काळी कुंडीसुद्धा. आउकेने चारही कुंड्यांची माती परत गोळा केली, नव्या बादलीत भरली आणि त्यात पुन्हा गहू पेरायला घेतला. ही आता संपायची नाही, दर वर्षी गहू दिला की झालं, असं तो म्हणाला. बादलीवर नाव लिहिताना त्याने गेसीनाला विचारलं आणि पूर्वीचंच लिहिलं.

बूलो दारातच उभा होता, टोपी हातात.

"मग? पेरू का गहूच?" त्याने विचारलं.

"पेर," गेसीना म्हणाली. "पुढचं वर्ष आणखी वाईट जाईल. भीती वाटेल. वाटू दे."

संध्याकाळी घरी आल्यावर तिने बटाटे उकडत ठेवले. पिशवीतले जोडे घेऊन ती मागच्या दाराशी गेली. ते हाताला हलके लागत होते, नवे असल्यासारखे. पडवीतल्या खिळ्याकडे ती गेली नाही. दाराच्या आत, पायपुसण्यावर, जिथे घरात आलेल्या माणसाचे जोडे असतात तिथे ते ठेवायला वाकली, आणि वाकताना थांबली. पुन्हा बाहेर येऊन तिने ते एकमेकांवर आपटले. ठक ठक. खाली काहीच पडलं नाही.

मग जोडे पायपुसण्यावर ठेवून ती आत गेली आणि बटाट्यांचं पाणी ओतलं.